तळ्याकाठी आलेला वास

सहल मी ठरवली की ती बिघडते, असा आमच्या घरातला अनुभव आहे, आणि तो खोटा आहे असं मला म्हणता येत नाही. मी पुस्तकात वाचून जागा निवडतो. पुस्तक जुनं असतं. आम्ही पोचतो तेव्हा तिथलं संग्रहालय बंद पडलेलं असतं, नाहीतर धबधब्याच्या वर धरण झालेलं असतं. म्हणून या उन्हाळ्यात जपानात नागोयाला मुलाच्या घरी जेवताना ‘बिवा तळ्याला जाऊ या का’ असं मी विचारलं, ते आमटीच्या वाटीकडे बघत विचारलं.

खरं तर आम्हाला जायचं होतं ऑस्ट्रियाला. पुण्याला मी एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांची पुस्तकं अक्षर अक्षर वाचण्यात आयुष्य गेलं, प्रवास असा झालाच नाही. निवृत्त व्हायच्या सुमारास अप्पा बळवंत चौकात, फूटपाथवर, मला एक इंग्रजी प्रवासपुस्तक मिळालं. ऑस्ट्रियातल्या तळ्यांच्या मुलखाचं. त्या मुलखाचं नाव झाल्त्सकामरगुट. हा उच्चार बरोबर आहे की नाही, मला अजून खात्री नाही. घरात दुसऱ्या कुणाला तो करताच येत नाही, त्यामुळे माझी चूक कुणी काढलेली नाही. त्या पुस्तकातलं एक चित्र माझ्या डोक्यात बसलं होतं. सरळ पाण्यात उतरलेला हिरवा डोंगर, त्याच्या पायाशी घरांची एकच ओळ आणि उंबऱ्याशी तळं. दिवसा पांढऱ्या बोटीतून पलीकडच्या गावाला जावं, दुपारी प्लमचा केक खावा आणि संध्याकाळी तळ्यातला ताजा मासा, असं खाली लिहिलं होतं. मी मासे खात नाही. तरी ते वाक्य मला फार आवडायचं.

विभा, माझी बायको, म्हणायची, “जाऊ या की. तुम्ही चित्र बघा, मी केक खाते.”

गेल्या वर्षी आम्ही सहल कंपनीकडे नावं नोंदवली. हिवाळ्यात विभाला ताप आला. बरेच दिवस रेंगाळून तो गेला, आणि जाताना तिचं नाक घेऊन गेला. वास येईना, आणि वासाबरोबर चवही गेली. बाहेरच्या खोलीत पेपर वाचता वाचता ‘मोहरी करपली’ म्हणून सांगणारी बाई ही. तिला आता भात म्हणजे ओला कापूस, पोळी म्हणजे पुठ्ठा आणि चहा म्हणजे कढत पाणी. आधी ती सवयीनं खात राहिली. मग घास कमी झाले. मग ‘भूक नाही’ सुरू झालं. ब्लाउज दंडावर ढगळ दिसायला लागले. ऑस्ट्रिया राहिलं.

नचिकेत, आमचा मुलगा, नागोयाला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर आहे. त्याने आम्हाला बोलावून घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी फार आस्थेने तपासलं. नाक परत येईल, म्हणाले, पण कधी ते सांगता येत नाही, आणि शरीर तेवढं थांबणार नाही. पुढच्या तपासणीपर्यंत वजन आणखी उतरलं तर दाखल करावं लागेल, नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल.

“नाकातूनच?” विभा म्हणाली. “म्हणजे त्याचा काहीतरी उपयोग होणार म्हणायचा.”

नचिकेतने एवढं मात्र डॉक्टरांना भाषांतर करून सांगितलं नाही.

त्यानंतर जेवणाची वेळ अवघड होऊन बसली. आम्ही सगळे तिच्या घासाकडे बघत बसायचो. अनघा, आमची सून, तिच्या भातावर तूप सोडायची, मग मेतकूट, मग लिंबू. “आई, निदान एवढं तरी.” विभा घास तोंडात धरून ठेवायची, जणू कुणीतरी तिच्या तोंडात दुसऱ्याची वस्तू ठेवायला दिली आहे. मला वाटायचं, जागा बदलली तर फरक पडेल. असं वाटण्याला काही आधार नव्हता. पुस्तकातले आजारी लोक तळ्याकाठी जाऊन बरे होतात, एवढाच.

“बिवा?” नचिकेत म्हणाला. “गाडीने फार लांब नाही. चालेल.”

“आजोबांनी ठरवलं?” नऊ वर्षांच्या ओवीने विचारलं. मग ती स्वतःशी जपानीत काहीतरी म्हणाली आणि अनघाने तिच्यावर डोळे वटारले.

तळ्याच्या पार उत्तर टोकाला सुगाउरा नावाचं लहान गाव आहे. तिथल्या एका घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी नचिकेतने खोली मागितली आणि मेल लिहिली. ‘आम्ही पाचही जण पूर्ण शाकाहारी आहोत. मासे, माशाचं पाणी, माशाची पूड, काहीही चालत नाही. तसदीबद्दल क्षमस्व.’ जपानीत करण्याआधी त्याने इंग्रजी मसुदा मला तपासायला दिला. मी एक स्वल्पविराम हलवला आणि पास केला.

ओवीला सुट्टी लागल्यावर जुलैच्या शेवटी आम्ही निघालो. गाडीत मेतकुटाचा डबा, ठेपले, दह्याचे कप, आणि पुढच्या सीटवर माझ्या मांडीवर नकाशा. गाडीला स्वतःचा नकाशा होता. माझा कुणी मागितला नाही.

आधी दक्षिणेकडच्या ओमिहाचिमानला थांबलो. तिथे जुन्या व्यापाऱ्यांनी तळ्यापासून गावात आणलेला कालवा आहे. काठाला दगडी बांध, वर पांढऱ्या भिंतींची कोठारं, आणि पाण्यात वाकलेली झाडं. एक म्हातारा नावाडी एकाच वल्ह्याने नाव हाकत होता. गावाबाहेर कालवा रुंद होतो आणि दोन्ही बाजूंना बोरूची उंच बेटं लागतात. वारा आला की ती सगळी एकदम वाकतात. मी आयुष्यभर लेखणीशी संबंध असलेला माणूस, पण बोरू असा उभा, जिवंत, इतका पहिल्यांदाच बघत होतो. ऊन कडक होतं तरी त्या बेटांमध्ये शिरल्यावर सावली हिरवी झाली. विभाने पाण्यात हात सोडला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

त्याच गावात झाडाच्या खोडासारखा गोल केक मिळतो. कापला की आत वर्तुळावर वर्तुळ दिसतं. मूळचा जर्मनांचा, म्हणजे माझ्या ऑस्ट्रियाच्या शेजारचाच. दुकानात काचेपलीकडे तो आडव्या दांड्यावर फिरवत भाजत होते. पिठाचा एकेक थर चढवायचा, भाजायचा, पुन्हा चढवायचा. टोप्या घातलेल्या दोन मुली इतक्या शांतपणे ते करत होत्या की मी कितीतरी वेळ नुसता उभा राहिलो. आम्ही पाच तुकडे घेतले. विभाने एक घास खाल्ला आणि बशी माझ्याकडे सरकवली.

“कसा आहे?” तिने विचारलं.

“बरा आहे.”

“खोटं बोलताना तुम्ही चष्मा पुसता.”

तो केक अप्रतिम होता. लोण्याचा, मधाचा, कडेला साखरेची पातळ खरपूस साय. मी तो तिच्यासमोर खाऊ शकलो नाही. ओवीने माझाही खाल्ला, आजीचाही.

उत्तरेला जाणारा रस्ता तळ्याला धरून जातो. बिवा इतकं मोठं आहे की त्याला तळं म्हणताना मला संकोच वाटत होता. पलीकडचा काठ उन्हात विरून गेला होता. पण उत्तरेला डोंगर जवळ येत गेले, पाणी गडद होत गेलं, आणि एका वळणानंतर माझं चित्र समोर आलं. हिरवा डोंगर सरळ पाण्यात उतरलेला, पायाशी घरांची ओळ, घरांपुढे दगडी बांध आणि लगेच तळं. मला वाटलं, मी बोललो की काहीतरी बंद पडेल.

“हेच ना तुमचं ते?” मागून विभा म्हणाली. “नाव घेता येत नाही ते?”

“तसंच आहे.”

“मग बघून घ्या नीट. व्हिसाही लागला नाही.”

गावाच्या वेशीला लाकडाचं चार खांबी दार आहे, वर गवताचं जाड छप्पर. दाराला भिंत नाही, फळी नाही. नुसतं उभं आहे, इथून आमचं गाव, असं सांगत. वरच्या अंगाला देऊळ आहे. त्याच्या पायऱ्यांशी पाटी होती. नचिकेतने वाचली आणि हसला. “चपला काढायच्या आहेत.”

जपानात देवळाच्या आवारात बूट चालतात, ते मला खटकायचं. इथे मात्र पायऱ्या चढायच्या त्या अनवाणी. मी आणि विभाने सवयीने केव्हाच चपला काढल्या होत्या. दगड तापले होते, मध्येच झाडाच्या सावलीत गार लागत होते. विभा माझा दंड धरून चढली. वर पोचल्यावर तिला धाप लागली. तिने हात जोडले आणि म्हणाली, “यांना कळतं हो.” तिच्या हाताचं वजन माझ्या दंडावर लागलं नव्हतं, हे मला तेव्हा जाणवलं, आणि मी खाली तळ्याकडे बघत राहिलो.

मुक्कामाचं घर बांधाला लागूनच होतं. मालकीण निशिमुरा-सान विभाच्याच वयाच्या, ठेंगण्या, बाह्या दुमडलेल्या. आम्ही थोडे लवकर पोचलो, त्यामुळे त्या मागच्या अंगणात कामात सापडल्या. लाकडी पिंपं मांडलेली होती. वसंतात खारवून ठेवलेले मासे त्या धूत होत्या आणि एकेकाच्या पोटात शिजलेला भात दाबून, भाताच्या थरावर थर लावून पिंपात भरत होत्या. वर्षभर मुरल्यावर त्याची फुनाझुशी होते, असं नचिकेतने सांगितलं. शेजारच्या गेल्या वर्षीच्या पिंपाचं झाकण उघडं होतं.

त्या पिंपाचा वास कसा होता ते लिहायला मला शब्द सापडत नाही. ओला, आंबट, कुजल्यासारखा आणि शिवाय खारट. नचिकेत सभ्यपणे तोंडाने श्वास घ्यायला लागला. ओवीने नाक चिमटीत धरून म्हटलं, “कुसाऽइ.” घाण वास येतोय, हे सांगायला त्याचं भाषांतर लागत नव्हतं. निशिमुरा-सान ओशाळून उठल्या, वाकून वाकून माफी मागायला लागल्या. शाकाहारी पाहुणे येणार हे माहीत असून हे उघडं ठेवलं, असं त्या म्हणत होत्या. झाकण लावायला त्या वळल्या.

“आई, तुम्ही आत चला पटकन,” अनघा म्हणाली. “मळमळेल.”

विभा हलली नाही. तिने मान जराशी वर केली होती, लांबून कुणी हाक मारली की करतो तशी.

“कसला वास येतोय?” ती म्हणाली.

“मासे मुरवतात गं त्या,” नचिकेत म्हणाला. “भातात घालून, वर्षभर…” आणि तो बोलता बोलता थांबला. अनघाने माझ्याकडे पाहिलं. मला सर्वांत उशिरा कळलं.

“आई, तुला वास येतोय?”

ती पिंपापाशी गेली आणि त्यावर वाकली.

“ह्यो वास खाऱ्या बांगड्याचो,” ती म्हणाली.

विभाचं माहेर वेंगुर्ल्याचं. मालवणी ती फक्त फोनवर भावाशी बोलायची. भाऊ गेल्यावर ते बोलणंही बंद झालं होतं. बागेत बसतात तशी ती पिंपाजवळच्या लाकडी ठोकळ्यावर बसली. “आई माळ्यावर मडक्यात ठेवायची. पावसात काढायची. चुलीत भाजला की शेजारच्या वाडीतून विचारायला यायचे.” ती कुणाला सांगत होती कोण जाणे. मराठी न कळणाऱ्या निशिमुरा-सान मान डोलावत होत्या.

अनघा गाडीतून मेतकुटाचा डबा घेऊन धावत आली. विभाच्या नाकाखाली धरला. काही नाही. कॉफीची पुडी. काही नाही. ओवीने स्वतःचा सुगंधी खोडरबर आणला. विभाने तो प्रामाणिकपणे हुंगला. “नाही गं राणी.” एवढं पिंप सोडलं तर जग अजून बंदच होतं.

नचिकेतने मला बाजूला घेतलं. “बाबा, आई मासे खाते?”

“खायची. माहेरी एकटी गेली की.”

“मला वाटलं, ती आपल्यासारखीच. मग मेल तपासताना बोलला का नाहीत?”

“मी स्वल्पविराम बघत होतो.”

तो हसला नाही. मग हसला.

जेवण लवकरच मांडलं. बाहेर अजून उजेड होता, उघड्या खिडकीतून तळं दिसत होतं, आणि प्रत्येकासमोर स्वतंत्र बुटकं चौरंगासारखं ताट. त्या ताटाचं कौतुक करायला मला एक पान तरी लागेल. वाफवलेलं वांगं आणि त्यावर आंबवलेल्या सोयाबीनचा गोडसर मिसो. या भागात मिळणारा विटेसारखा लाल, लवचीक कंदाचा पदार्थ. ताज्या शेंगा. थंड टोफू आणि त्यावर आल्याचा कीस. रस्सा इथे माशाच्या पाण्याशिवाय होत नाही, पण आमच्यासाठी त्यांनी आदल्या दिवसापासून समुद्रवनस्पती आणि सुकी अळंबी भिजत घातली होती. प्रत्येक वाटीत वेगळा रंग, प्रत्येक वाटी वेगळ्या आकाराची, आणि कोपऱ्यात कोवळ्या मेपलचं एक हिरवं पान. कुणीतरी आपला नकार इतका मनावर घेऊन इतकं सुंदर काही करतं, यानेच मला भरून आलं.

विभाने वांग्याचे दोन घास खाल्ले आणि काड्या खाली ठेवल्या.

“बघण्यासारखं आहे,” ती म्हणाली.

आम्ही सगळे तिच्याकडे बघायला लागलो, रोजच्यासारखे. मी हळूच म्हटलं, “ते मागू या का? पिंपातलं?”

“वेडे आहात का? त्या बाईने एवढं निगुतीने केलं. आता मासे कुठे मागायचे? आपणच नको म्हणून कळवलं ना?”

“आई म्हणते ते खरं आहे, बाबा,” नचिकेत म्हणाला. “इथे असं ऐन वेळी बदलून मागत नाहीत. त्या नाही म्हणणार नाहीत, पण त्यांना वाटेल आपलं काहीतरी चुकलं. उद्या निघताना विकत घेऊ ना.”

उद्या. तपासणी पुढच्या आठवड्यात होती. मी विभाच्या मनगटाकडे पाहिलं. घड्याळ कोपराकडे घसरलं होतं. हॉटेलात गार झालेला चहा मी कधी परत दिला नाही. बसमध्ये आपला थांबा सांगायला मला धीर करावा लागतो. तरी मी उठलो. उठल्यावर बसण्याचीही लाज वाटली, म्हणून गेलो.

स्वयंपाकघराच्या दाराशी मी म्हटलं, “सुमिमासेन.” माफ करा. एवढंच जपानी मला आत्मविश्वासाने येतं, कारण ते माझ्या स्वभावातच आहे. निशिमुरा-सान वळल्या. मी अंगणातल्या पिंपाकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या नाकाकडे. मग आमच्या खोलीकडे.

त्यांचा चेहरा पडला. त्या वाकल्या, पुन्हा वाकल्या, बाहेर पळाल्या, पिंपाचं झाकण घट्ट लावलं आणि ते भलंमोठं पिंप दोन्ही हातांनी ओढत अंगणाच्या पार टोकाला न्यायला लागल्या. मी मागे धावलो. एका बाजूने त्या ढकलत होत्या, दुसऱ्या बाजूने मी अडवत होतो, आणि मी सारखा सुमिमासेन म्हणत होतो, त्यामुळे त्या अधिकच जोराने ढकलत होत्या.

“आजोबा, तुम्ही काय करताय?” दारात ओवी उभी होती.

“यांना सांग, आजीला हे हवंय. खायला. आजी शाकाहारी नाही.”

ओवीने डोळे मोठे केले. “आजी नाही?”

“नाही. आधी सांग.”

ती जपानीत भरभर बोलली. निशिमुरा-सान ऐकत गेल्या. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि हसल्या, आवाज न करता, खांदे हलवत. त्या काहीतरी म्हणाल्या.

“त्या म्हणतात, ‘आधी का नाही सांगितलं?’” ओवी म्हणाली. “त्या म्हणतात, त्यांच्या घरी कुणी आजारी पडलं की हेच देतात. भातावर ठेवून गरम चहा ओततात. त्यांना द्यावंसं वाटत होतं, पण आपण नको म्हटलं होतं.”

पिंपातून त्यांनी एक मासा काढला, त्यावरचा भात बोटाने निपटला आणि पातळ काप केले. कापांच्या मध्यभागी गाभोळीचा, म्हणजे माशाच्या अंड्यांचा, नारिंगी डोळा होता. दिसायला ते सुंदर होतं, हे मला कबूल करावं लागेल. वाफाळता भात, त्यावर ते काप, त्यावर कढत हिरवा चहा. वाटी त्यांनी माझ्या हातात दिली. विभापर्यंत मी ती श्वास रोखून नेली.

कुणी आग्रह केला नाही. वास इतका होता की प्रत्येकजण आपापल्या वांग्यात नाक खुपसून होता. विभाने वाटी तोंडाजवळ धरली, डोळे मिटले आणि चहाचा घोट घेतला. मग भात. मग काप.

“आंबट आहे,” ती म्हणाली.

आम्ही थांबलो.

“कढीसारखं आंबट. ताकाच्या.” आणखी एक घास. ती चावत राहिली, पूर्वी भाजीची चव बघताना चावायची तशी, मान एका बाजूला कलती करून. “आणि मीठ जास्त झालंय.”

अनघा उठून खिडकीपाशी गेली आणि आमच्याकडे पाठ करून तळं बघत उभी राहिली. हिवाळ्यापासून विभाने कशालाच नावं ठेवली नव्हती. खारट, अळणी, तिखट, कच्चं, काहीच नाही. मीठ जास्त झालंय, हे शब्द मी छापून घेतले असते.

“हे मात्र सांगू नकोस त्यांना,” नचिकेत ओवीला म्हणाला. पण ओवी आधीच स्वयंपाकघरात गेली होती. परत आली ती निशिमुरा-सानना घेऊनच. त्या गंभीर चेहऱ्याने विभासमोर बसल्या आणि बोलल्या.

“त्या म्हणतात, बरोबर आहे,” ओवीने सांगितलं. “गेल्या वर्षी मीठ त्यांच्या सुनेने घातलं होतं.”

विभाने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग, फार हळू, हसली. “अनघा, ऐकलंस का गं?”

“ऐकलं,” खिडकीपाशी उभी असलेली अनघा म्हणाली. “जगभर सुनाच.”

विभाने वाटी पुसून खाल्ली. मग ती वाटी तिने माझ्यापुढे धरली. “अहो, भात आहे का अजून?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तळं इतकं स्वच्छ होतं की बांधाशी उभं राहून खालचे गोटे मोजता आले असते. मला झोप चांगली लागली नव्हती. मला वाटायला लागलं होतं की तिला वास आलाच नसेल. वेंगुर्ल्याची आठवण आली असेल, आणि आठवणीला नाक लागत नाही. सकाळच्या चहाची वाफ तिने हुंगली आणि मान हलवली. काही नाही. नाश्त्याला तिने पुन्हा ते काप मागितले, पुन्हा एक वाटी संपवली, एवढं खरं.

नागाहामाच्या धक्क्यावरून आम्ही पांढऱ्या बोटीने चिकुबु बेटाला गेलो. तळ्याच्या मधोमध उभा खडक, त्यावर दाट झाडी, आणि उभ्या पायऱ्या चढल्यावर बेंझाइतेनचं देऊळ. बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती. शतकांपूर्वी आपल्याकडून निघालेली ती चीनवरून इथे पोचली आणि तळ्यात एकटीच बसली आहे. वीणेऐवजी तिच्या हातात बिवा नावाचं वाद्य आहे. तळ्याचा आकार त्याच्यासारखा, म्हणून तळ्याचंही नाव तेच, असं म्हणतात. माझा धंदा अक्षरांचा, तेव्हा मी तिला मनापासून नमस्कार केला. विभा उदबत्तीच्या धुरात उभी होती. मी बघत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान हलवली.

बेटाच्या कड्यावर एक ओटी आहे. तिथे मातीच्या लहान बशा मिळतात. एकीवर नाव लिहायचं, दुसरीवर मागणं, आणि खाली पाण्याकाठच्या कमानीतून पार जातील अशा भिरकावायच्या. कमानीखालची जमीन फुटलेल्या बशांनी पांढरी झाली होती. ओवीने जपानीत लिहिलं, ‘आजीला सगळे वास येऊ देत.’ तिची बशी कमानीला लागून फुटली. नचिकेतची पाण्यात पडली. मी फेकली ती माझ्या समोरच्या झुडपात गेली. मग विभाने पदर खोचला. तिची बशी तरंगत गेली, कमानीतून अलगद पार झाली आणि खाली कुठेतरी टिचली.

“काय मागितलंस?” मी विचारलं.

“तुम्हाला ते नाव नीट म्हणता येऊ दे. ते ऑस्ट्रियाचं.”

परतताना मी पुढे बसलो. निघताना निशिमुरा-साननी एक आख्खी फुनाझुशी भेट दिली होती, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळून, वर कागद, वर दोरा, वर विभासाठी खास कापडात बांधून. विभाने ती मांडीवर घेतली होती. महामार्गाला लागेपर्यंत त्या सगळ्या गुंडाळ्यांमधून तिचा वास बाहेर आला. गाडीभर पसरला.

विभा डोळे मिटून मागे रेलून बसली होती. चेहरा शांत होता. नचिकेतचा हात काचेच्या बटणाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्याने आरशातून आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मानेनेच नको म्हटलं. ज्या एकाच वासाचं दार तिला उघडलं होतं तो आपण वाऱ्यावर कसा सोडायचा? काचा बंद राहिल्या. अनघाने रुमाल नाकाला लावला. ओवीने टी-शर्टची कॉलर ओढून डोळ्यांपर्यंत घेतली आणि आतून म्हणाली, “आजी झोपली का?”

“श्श,” अनघा म्हणाली.

डावीकडे डोंगर मागे पडत होते, भाताची खाचरं इतकी हिरवी होती की डोळ्यांना गार वाटावं, आणि शेताच्या बांधांवर पांढरे बगळे उभे होते. ते सगळं मी पाणावलेल्या डोळ्यांनी पाहिलं. पाणी भावनेचं होतं की वासाचं, ते मला सांगता येणार नाही. पाच माणसांची शाकाहारी गाडी, त्यातली चार माणसं श्वास मोजत बसलेली.

बऱ्याच वेळाने मागून आवाज आला. “नचिकेत, काचा उघड की रे. किती वेळ छळणार आहात?”

“तुला वास हवा होता ना, आई?”

“म्हणून एवढा? वास मारतोय नुसता.”

चारही काचा एकदम खाली गेल्या. गरम वारा आत घुसला, माझा नकाशा उडून ओवीच्या अंगावर गेला. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला आणि ओवी हसायला लागली.

“आणि अनघा,” विभा म्हणाली, “त्या मेतकुटाच्या डब्याचं झाकण नीट लागलं नाहीये. बघ जरा. मघापासून हिंग येतोय.”

अनघाने पायाशी ठेवलेला डबा उचलला. झाकण खरंच एका बाजूने उघडं होतं. तिने ते लावलं नाही. तिने डबा तसाच मांडीवर धरून ठेवला आणि नागोया येईपर्यंत कुणी त्याला हात लावला नाही.